आईचा रस्ता आणि गाडीवरचा कॅमेरा

नगर जिल्ह्यात फिरायला जायचे म्हटले की लोक भंडारदऱ्याचे नाव घेतात. रंधा धबधबा, रतनवाडी, कळसूबाईचे शिखर ही सगळी ठिकाणे अकोले तालुक्यात आहेत आणि पावसाळ्यात तिकडे गाड्यांची रांग लागते. शिर्डी नि शिंगणापूरची गर्दी तर बारमाही. मी ज्या रस्त्याबद्दल लिहिणार आहे, त्या रस्त्यावर पाहण्यासारखे काहीही नाही. पारनेर तालुक्यातला तो एक आडबाजूचा डांबरी रस्ता आहे. नगर-कल्याण महामार्गाने टाकळी ढोकेश्वरच्या अंगाला गेले आणि आत वळले की तो लागतो. दोन्ही बाजूंना माळ, मधूनच बाभळी, ज्वारीची आणि कांद्याची रानं. तरी हा रस्ता पाहायला आम्ही बापलेक तीन वेळा गेलो. कारण तो माझ्या आईच्या हातचा आहे.

१९७२ च्या दुष्काळात आपला नगर जिल्हा होरपळून निघाला. विहिरी आटल्या, रानात काम राहिले नाही. सरकारने दुष्काळी कामे काढली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी फोडणे. मे १९७३ मध्ये राज्यभरात अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे राबत होती. त्यांतली एक माझी आई. तेव्हा ती पंचविशीत होती आणि मी बाभळीला बांधलेल्या झोळीत. खडीचा ढीग ब्रासवर मोजायचा आणि त्यावर मजुरी द्यायची, असा हिशेब. खायला लाल मिलो ज्वारीची भाकर आणि कामावर मिळणारी सुकडी. त्या काळाच्या अनुभवातूनच पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. आपल्यापैकी अनेकांच्या घरांत हा इतिहास पुस्तकातून आलेला नाही. तो आईच्या, आजीच्या तळहातावरच्या घट्ट्यांतून आलेला आहे.

गेल्या वर्षी आई घरात पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण आता तिला गाडीत बसवत नाही. खाटेवर पडल्यापडल्या एक दिवस ती म्हणाली, "मला एकदा त्यो रस्ता दाव रं. आमी बांधलेली मोरी हाय का मोडली, तेवढं बघून ये."

माझा मुलगा तिथेच होता. तो म्हणाला, "आजी, तुला इथं बसून सगळा रस्ता दाखवतो. गाडीला कॅमेरा लावतो."

पहिली फेरी : सगळे हलतेच आहे

मुलाकडे अ‍ॅक्शन कॅमेरा आहे. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. मित्राकडून त्याने जुना घेतलेला. हा प्रकार आता खेड्यापाड्यांतल्या पोरांनाही माहीत झाला आहे. निक वुडमन नावाच्या अमेरिकन माणसाने २००२ साली गोप्रो ही कंपनी काढली आणि २००४ मध्ये तिचा पहिला कॅमेरा बाजारात आला. तो रीळ घालायचा होता आणि समुद्राच्या लाटांवर खेळणाऱ्यांनी तो मनगटाला बांधायचा, अशी कल्पना होती. म्हणजे हात मोकळे राहावेत आणि कॅमेरा अंगाला किंवा वस्तूला बांधलेला असावा, हेच या कॅमेऱ्याचे मूळ. तो कसा बांधायचा, यावरच सगळे अवलंबून असते, हे आम्हाला फार उशिरा कळले.

पहिल्या वेळी मुलाने प्लास्टिकचा क्लॅम्प आरशाच्या दांडीला लावला. पुढचे दृश्य चांगले दिसेल, असा त्याचा हिशेब. जाऊन आलो. संध्याकाळी आईच्या खाटेसमोर टीव्हीला जोडले, तर रस्ता थरथरतो आहे, विजेचे खांब रबरासारखे वाकत आहेत आणि भाळवणीच्या पुढे कॅमेरा मान टाकून अर्धा तास पुढचा मडगार्डच दाखवतो आहे. आई म्हणाली, "आरं, भूकंप झाला का काय तिकडं? बंद कर, डोळं गरगरत्यात."

मी एका कारखान्यात फिटर आहे. तीस वर्षे नटबोल्टशी संबंध आहे. पण त्या दिवशी मी मुलाच्या कामात लक्ष घातले नव्हते. कॅमेरा म्हणजे पोरांचे काम, असे समजून मागे बसलो होतो. ती चूक माझीही होती.

दुसरी फेरी : थोडक्यात वाचलो

दुसऱ्या वेळी मुलाने चिकटवायची बैठक आणली आणि पेट्रोलच्या टाकीवर बसवली. सकाळी टाकी ओल्या फडक्याने पुसली, बैठक दाबून बसवली आणि पंधरा-वीस मिनिटांत आम्ही निघालो. एका गावात गतिरोधकावर गाडी आदळली, बैठक सुटली आणि कॅमेरा रस्त्यावर पडला. मुलाने मागे वळून पाहिले आणि त्याच क्षणी ब्रेक दाबला. मागून ट्रक येत होता. ट्रकवाल्याने कसाबसा ट्रक बाजूला घेतला. खाली उतरून त्याने आम्हाला ज्या शिव्या दिल्या, त्या आम्ही मुकाट्याने ऐकल्या. त्याचे काही चुकले नव्हते.

कॅमेऱ्याच्या डबीला तडा गेला, बाकी तो शाबूत होता. पण माझे हातपाय गळाले. दोन-चार हजारांच्या वस्तूपायी घरातला कर्ता मुलगा गेला असता. घरी आल्यावर मी सांगून टाकले, "आता हे पुरे." आईला यातले काही सांगितले नाही. तिने मात्र तेवढेच विचारले, "मोरी दिसली का?"

मोरी दिसली नव्हती. दोन फेऱ्या झाल्या आणि तिने सांगितलेली एकच गोष्ट आम्ही आणली नव्हती. तेव्हा ठरवले, की जायचे तर नीट तयारी करून.

गाडी का थरथरते

आपल्याकडच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना एकच सिलिंडर असतो. पिस्टन वरखाली होतो आणि त्याचा धक्का चासीला बसतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० झाले. कॅमेरा सेकंदाला साधारण ३० चित्रे घेतो आणि प्रत्येक चित्र एका क्षणात न घेता वरून खाली ओळीओळीने उचलतो. पहिली ओळ उचलताना कॅमेरा एका जागी आणि शेवटची उचलताना दुसऱ्या जागी. म्हणून खांब वाकडे दिसतात.

मुलगा म्हणत होता, की कॅमेऱ्यात हलणे थांबवायची सोय आहे. ती आहे आणि उपयोगीही आहे. खड्ड्यात गाडी वरखाली झाली, तर ती सोय ते सांभाळून घेते. पण इंजिनाची बारीक, जलद थरथर तिला पुरती झेपत नाही, कारण ती प्रत्येक चित्रातच शिरलेली असते. उजेड कमी असला तर आणखी बिघडते. म्हणून थरथर कॅमेऱ्यापर्यंत पोचूच द्यायची नाही, हा खरा उपाय.

ज्यांच्याकडे असा कॅमेरा नाही, ते मोबाईलच हँडलला लावतात. त्यांनी एक लक्षात ठेवावे. मोटारसायकलच्या इंजिनाच्या जोरदार थरथरीने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा खुद्द अ‍ॅपल कंपनीने २०२१ साली दिला होता. चित्र स्थिर ठेवण्यासाठी काही मोबाईलच्या भिंगात बारीक हलते भाग असतात, ते खराब होतात. हप्त्यावर घेतलेल्या मोबाईलची अशी परीक्षा पाहू नये.

गाड्यांच्या बाबतीत आपले नगर काही मागे नाही. वाहनांची कसून चाचणी घेणारी संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही संस्था नगरलाच आहे. आणि लूना आठवते ना? पन्नास सीसीची ती गाडी नगरच्या कायनेटिक कारखान्याने १९७२ साली बाजारात आणली. ज्या साली माझी आई पारनेरच्या माळावर खडी फोडत होती, त्याच साली. पुढे तिच लूना कामगारांच्या दारात दिसू लागली. मीही नोकरीला लागलो तेव्हा जुनीच लूना घेतली होती. तिच्यावर आईला बसवून बाजाराला नेत असे.

तिसऱ्या वेळी काय केले

आम्ही रविवारची दुपार यात घालवली. ज्यांच्या घरी असा कॅमेरा आहे, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सविस्तर सांगतो.

आधी जागा शोधली. गाडी स्टँडवर लावून इंजिन चालू केले आणि सायलेन्सरपासून हात लांब ठेवून ठिकठिकाणी बोट टेकवून पाहिले. आरशाची दांडी सर्वांत जास्त थरथरते. हँडलची टोके त्याखालोखाल. हँडलचा मधला भाग, जिथे तो बोल्टने आवळलेला असतो, तो त्या मानाने शांत. पुढचा मडगार्ड आणि फोर्कचा खालचा भाग कधीच वापरू नये. ते चाकाबरोबर उसळतात, शॉकअबसॉर्बरचा त्यांना काही फायदा नाही.

आम्हाला मोरी पाहायची होती आणि मोरी रस्त्याच्या कडेला, खाली असते. पहिल्या फेरीत कॅमेरा उंचावरून समोरचे आभाळ नि डोंगर दाखवत होता. आपण डावीकडून चालतो, म्हणून डावीकडचा लेग गार्ड आम्ही निवडला. लेग गार्डची नळी मधोमध जास्त हलते आणि चासीला आवळलेल्या टोकाशी कमी. म्हणून क्लॅम्प त्या टोकाजवळ लावला. लेग गार्डचे स्वतःचे बोल्टही ढिले होते, ते आधी आवळले. ज्याला आपण बांधतो तेच ढिले असेल, तर वरची सगळी मेहनत वाया जाते.

प्लास्टिकचा क्लॅम्प काढून लोखंडी घेतला. नळी आणि क्लॅम्प यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी गुंडाळली. एकच. जास्त गुंडाळल्या, की कॅमेरा रबरावर डुलायला लागतो. क्लॅम्पला साध्या नटाऐवजी नायलॉक नट घातला, कारण थरथरीने साधा नट हळूहळू उलटा फिरतो. जोडायचे हात जितके कमी आणि आखूड, तितके चांगले. मुलाकडे तीन सांध्यांचा हात होता, तो काढून एकच सांधा ठेवला. दहा किलोमीटर गेल्यावर थांबून पुन्हा सगळे आवळायचे, कारण तोवर रबर बसलेले असते.

चिकटवायची बैठक वापरायचीच असेल, तर आमच्यासारखी घाई करू नका. जागा सपाट असेल तर सपाट बैठक, गोलसर असेल तर गोलसर. पाण्याने पुसून भागत नाही. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी होऊ द्यायची. मेण, पॉलिश, धूळ काही राहता कामा नये. टाकी उन्हाने तापलेली नको आणि थंडीने गारठलेलीही नको. बैठक अर्धा मिनिट जोराने दाबायची आणि पूर्ण एक दिवस तशीच ठेवायची. अशा जाड फेसाळ चिकटपट्टीची पकड लगेच येत नाही. वीस मिनिटांत साधारण निम्मी येते आणि पुरी यायला तीन दिवस लागतात. आमचा कॅमेरा पडला तो याच कारणाने.

आणि दोरी. ही सर्वांत महत्त्वाची. कॅमेऱ्याच्या डबीला नायलॉनची मजबूत दोरी बांधून तिचे दुसरे टोक चासीला बांधले. क्लॅम्पला नाही, कारण क्लॅम्पच सुटला तर दोरीही त्याच्याबरोबर जाईल. दोरी इतकी आखूड ठेवली, की कॅमेरा लोंबकळला तरी चाकापर्यंत, साखळीपर्यंत किंवा पायाच्या ब्रेकपर्यंत पोचणार नाही. दोरी असली, की मागे वळून पाहायची गरज राहत नाही.

निघण्याआधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिले. क्लच आणि ब्रेकच्या केबल कुठे अडकत नाहीत ना, दिवा आणि इंडिकेटर झाकले जात नाहीत ना, हे तपासले.

मुलगा म्हणाला होता, की हेल्मेटवर लावला तर थरथर कमी येते. ते खरे आहे, आपली मान तेवढा धक्का खाऊन टाकते. पण हेल्मेट डोके वाचवण्यासाठी असते. पडल्यावर ते रस्त्यावरून घसरायला हवे, कशात अडकायला नको. केरळच्या मोटार वाहन विभागाने तर २०२२ साली हेल्मेटवर कॅमेरा लावायला बंदीच घातली. हेल्मेटला भोक पाडून स्क्रू मारणे हा तर वेडेपणा. आम्ही दोघांनी हेल्मेट घातले आणि कॅमेरा गाडीलाच ठेवला.

दोघांत ठरवूनही घेतले : चालत्या गाडीवर कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. पडला तर पडू द्यायचा. आरशात पाहून, इंडिकेटर देऊन, कडेला थांबून मगच मागे जायचे.

टाकळीच्या वाटेवर

डिसेंबरातल्या एका सकाळी आठ वाजता निघालो. आणखी लवकर निघालो असतो, पण चित्रासाठी उजेड हवा होता. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण आमच्या तोंडी अजून नगरच येते. शहराला लागून लष्कराचा मोठा भाग आहे. अशा ठिकाणी चित्रण करू नये, म्हणून कल्याण रस्त्याने शहर मागे टाकेपर्यंत कॅमेरा बंदच ठेवला. नेप्तीच्या पुढे थांबून चालू केला.

नेप्ती, मग भाळवणी. भाळवणीला चहा घेतला आणि सगळे नट पुन्हा आवळले. क्लॅम्प खरोखरच अर्धा फेरा ढिला झाला होता. कॅमेरा काढून टपरीच्या बाकावर सावलीत ठेवला. उभ्या गाडीवर, उन्हात, हा कॅमेरा तापून बंद पडतो. शिवाय तो सोडून जाण्याजोगी वस्तूही नव्हे.

पुढे टाकळी ढोकेश्वर. तिथे डोंगरात कोरलेले महादेवाचे लेणे आहे, साधारण सहाव्या शतकातले. आत मोठे खांब, भिंतीवर सप्तमातृका. अनेक वर्षांनी पुन्हा आत गेलो. छिन्नीच्या खुणा हाताला लागतात. ज्या पाथरवटांनी एवढा कातळ फोडला त्यांची नावे आज कुणाला माहीत नाहीत. आमच्या रस्त्याच्या तोंडाशीही एक पाटी आहे. डांबरीकरणाचा खर्च, ठेकेदाराचे नाव, वर्ष. त्याखाली सत्तर सालातली जी खडी आहे, तिचा उल्लेख नाही.

आत वळलो. मुलाला सांगितले, वीसच्या वर जायचे नाही. जवळच्या वस्तू बाजूने पाहिल्या की भरकन निघून जातात, म्हणून कॅमेऱ्याचे तोंड सरळ डावीकडे न ठेवता पुढे तिरके ठेवले होते. गिअर असा, की इंजिन ठोकायला नको आणि ओरडायलाही नको. प्रत्येक गाडीचा असा एक वेग असतो, ज्याला ती सर्वांत कमी थरथरते. पायांना तो आपोआप कळतो.

आईने खुणा सांगितल्या होत्या. आधी माळ, मग उतार, मग ओढा. बाभळ आता नव्हती. ओढ्याला पाणी नव्हते. रस्ता दोन-तीनदा उंचावलेला होता, त्यामुळे मोरी खाली दबलेली दिसत होती. वरचा कठडा सिमेंटचा, नवा. पण खाली घडीव काळा दगड तसाच होता. आम्ही गाडी थांबवली नाही. तसेच हळूहळू पुढे गेलो आणि परत फिरून पुन्हा एकदा गेलो.

खाटेसमोर

चित्रण एकोणीस मिनिटांचे झाले. आईने ते चार वेळा थांबवत पाहिले. चित्र अगदी गुळगुळीत नव्हते, पण रस्त्याच्या कडेचे गवत, दगड, मैलाचा दगड सगळे ओळखू येत होते. खांब सरळ उभे होते. डोळे गरगरले नाहीत.

मोरी आली तेव्हा ती म्हणाली, "थांबीव." मुलाने थांबवले. ती बराच वेळ पाहत राहिली. मग बोटाने दाखवू लागली. इथं मी बसायची. इथं पल्याड तुझी मावशी. मुकादम हितून यायचा. ह्या दगडाला चार बाया लागल्या उचलायला. हितंच तुझी झोळी. कोण वारले, कोण मुंबईला गेले, कुणाची मजुरी बुडाली, कुणाच्या अंगावर दगड आला, हे सगळे तिने त्या एका थांबलेल्या चित्रावरून सांगितले. यातल्या निम्म्या गोष्टी मी जन्मात ऐकल्या नव्हत्या.

मुलाच्या लक्षात आले आणि त्याने मोबाईलवर तिचा आवाज भरायला सुरुवात केली. रस्ता एकोणीस मिनिटांचा, आईचे बोलणे पावणेदोन तासांचे.

वाचकहो, तुमच्याही घरी असा एखादा रस्ता असेल. पाझर तलाव असेल, धरणाची भिंत असेल, गिरणीची चाळ असेल. ती पाहायला ज्यांना आता जाता येत नाही, असे कुणी खाटेवर असेल. घरातल्या पोरांकडे कॅमेरा असेल, तर त्यांना तिकडे एकदा पाठवा. फक्त पाठवण्याआधी स्वतः खाली वाकून नट आवळून पाहा आणि दोरी बांधली आहे का, ते तपासा. आणि निघताना म्हाताऱ्या माणसाला विचारून घ्या, की नेमके काय पाहायचे आहे. आम्ही ते विचारले होते, पण ऐकले तिसऱ्या वेळी.